न्या की, तुमचंच हाय

तानूआत्याच्या सांगलीच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मी एका खोगिराला नमस्कार केला. उन्हातून एकदम आत आल्यामुळं डोळ्यांपुढं अंधारी आली होती. सोप्याच्या कोपऱ्यात जुनं हिरवं लुगडं अंगभर गुंडाळून, पदर डोक्यावरनं घेऊन कुणीतरी म्हातारी पाठीला बाक काढून बसलीय असं मला वाटलं. आत्याची सासू असेल म्हणून मी ट्रंक खाली ठेवली आणि वाकले. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आतून येत होती, ती तिथंच थबकली. म्हणाली, "सुमे, तुजी आत्या हिकडं हाय. ते खोगीर हाय, बये. त्याच्या पाया पडून आशीर्वाद कसला मिळणार, लाथ तेवढी मिळंल." मग तिनं लुगडं जरा वर करून दाखवलं. आत लाकडी घोडीवर ठेवलेलं ते खोगीर मी तेव्हा पाहिलं. तपकिरी कातडं, बसायच्या जागी लाल मखमल, कडेनं पितळी फुलं, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या, पाय अडकवायच्या रिकिबी. आत्यानं लगेच पुन्हा लुगडं खाली ओढलं, एखाद्या लेकीसुनेचा पदर सावरावा तसं.

म्हसवडच्या पलीकडचं आमचं गाव. घर मेंढरांमागं फिरणारं. माझ्या वडिलांच्या वेळेला चार एकर माळ पदरात पडला आणि मग आम्ही एका जागी टेकलो. शिकायला मिळालेली घरातली पहिली मुलगी मी. पुढं कॉलेजला सांगलीत ठेवायचं तर आत्याशिवाय दुसरं ठिकाण नव्हतं. आत्याचं लहानपण मेंढरांच्या वाड्यावर, सामान वाहणाऱ्या तट्टांच्या संगतीत गेलेलं. त्यामुळं तिला माणसांपेक्षा घोड्यांचं जास्त कळायचं. तिचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, लग्नाच्या वराती करायचे. त्यांच्या घोडीचं नाव चिमणी. हे नाव कुणी ठेवलं होतं कुणास ठाऊक. चिमणी एवढी उंच आणि भरदार होती की नवरदेवाला वर चढवायला दोन करवले आणि एक स्टूल लागायचं.

घर म्हणजे तबेल्याला चिकटलेल्या दोन खोल्या आणि सोपा. तबेला एकट्या मामांचा नव्हता. तीन घरची जनावरं तिथं एका पत्र्याखाली बांधलेली असायची. मधल्या जागेत चिमणी. डावीकडं रहिमानचाचांचा गुलाब, टांग्याचा म्हातारा पांढरा घोडा. आणि उजवीकडं युवराजचा सुलतान. युवराज कुंडलच्या ऊसवाल्या घरचा धाकटा मुलगा. थोरला भाऊ फौजेत, वडील शेतात, आणि ह्याला घोड्याचा नाद. सांगलीत राहायचं कारण विचारलं तर म्हणायचा, "शिकाय लागलोय की." काय शिकतोय ते कधी कळलं नाही. तिघांत मिळून पाण्याचा एकच नळ, एकच दगडी डोण आणि शेणाचा एकच उकिरडा. आमच्या स्वयंपाकघराची भिंत तबेल्याला लागून होती. रात्री चिमणीनं टाप आपटली की फडताळातली भांडी किणकिणायची. पहिले काही दिवस मी दचकून उठायची. नंतर नंतर तो आवाज आला नाही तर झोप लागेना.

जेवणाचं सांगते. आत्याच्या चुलीवर रोज सकाळी एक मोठं पातेलं चढायचं, कुळीथ शिजवायचं. ते चिमणीच्या चंदीसाठी, म्हणजे खुराकासाठी. शिजलेलं कुळीथ घोडीच्या तोबऱ्यात जायचं आणि वरचं पाणी आमच्या ताटात. त्याला लसणाची फोडणी, दोन आमसुलं, कोथिंबीर आणि बाजरीची भाकरी. मी गावाकडं पत्रात लिहिलं होतं, की इथं आधी घोडी जेवते आणि तिचं उरलेलं आम्हाला मिळतं. वडील घाबरून दुसऱ्याच आठवड्यात बाजरीचं पोतं घेऊन आले. त्यांनीही ते सार दोन वाट्या प्यायलं आणि पोतं ठेवून खुशीत परत गेले. आता माझ्या सुनेनं परवा दुकानातून कुळथाच्या पिठाचं छानसं पाकीट आणलं. त्याच्यावर लिहिलंय, वजन घटवण्यासाठी उत्तम. चिमणीचं वजन काही घटलेलं मी पाहिलं नाही.

तर ते खोगीर. मिरजेच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं ते केलं होतं. केलं म्हणजे एका दमात नव्हे. तो स्वतः येऊन चिमणीच्या पाठीवर तार वाकवून माप घेऊन गेला, मग आतला सांगाडा घेऊन आला, पाठीवर ठेवून बघितला, पुन्हा नेला, पुन्हा तासला. कातडं, मखमल, पितळ सगळं आत्यानं स्वतः उभं राहून निवडलं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा उलटल्यावर ते घरी आलं. सांगलीमिरजेत वरातीच्या घोड्यावर तसलं खोगीर दुसरं नव्हतं. नवरदेव त्याच्यावर बसला की त्याचाही ताठा वाढायचा. म्हणजे मागणारे आलेच. तालमीतली पोरं यायची, बँडवाले यायचे, मिरवणुकीवाले यायचे. पण खरी अडचण तबेल्यातल्या लोकांची. बाहेरच्याला दारातून वाटेला लावता येतं. ज्याची बादली आपल्या बादलीच्या आधी नळाला लागलेली असते, त्याला काय सांगणार?

आणि मामांना ‘न्हाई’ हा शब्द बोलताच यायचा नाही. मी येण्याआधी एकदा त्यांनी ते खोगीर तबेल्यातल्याच एका जुन्या भाडेकऱ्याला दिलं होतं. परत आलं तेव्हा मखमलीवर गुलाल, शिवणीत अक्षता, आणि रिकिबीचा पट्टा आखूड करायला कुणीतरी खिळा ठोकून नवं भोक पाडलेलं. आतली भरतीसुद्धा एका अंगाला सरकली होती. ती कुणाच्या लक्षात आली नाही आणि पुढच्या वरातीत चिमणीच्या पाठीला जखम झाली. आत्या महिनाभर लोणी आणि हळद लावत बसली. त्यानंतर सोप्याच्या दाराची किल्ली तिच्या कमरेला गेली, खोगिरावर लुगडं आलं, आणि मामांना ताकीद मिळाली, की कुणी मागायला आलं तर तुमी आपलं खोकत आत जायाचं. मामा इमानदारीनं खोकत आत जायचे. पुढं पुढं तर माणूस नुसता लांबून येताना दिसला तरी त्यांना ठसका लागायचा.

न देण्याची आत्याची रीत मी तिच्या पाठीमागं उभी राहून शिकले. ती कधी ‘न्हाई’ म्हणाली नाही. तिचा पहिला शब्द ठरलेला असायचा, "न्या की!" तोही असा हसून, मनापासून, की मागणारा दोन पावलं आत यायचा. "न्या की, तुमचंच हाय." आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पण कालच त्याला एरंडेल लावलंय. अजून वलं हाय. नवरदेवाच्या पांढऱ्या सुरवारीला माघारच्या अंगानं डाग पडला तर लोकं काय म्हणतील ओ?" मागणारा त्या डागाचा विचार करून स्वतःच घाबरायचा. एकाला तिनं सांगितलं की त्याच्यावर मांजर व्यालंय, पिलांचे डोळे उघडेपर्यंत हलवता येत नाही. एकाला म्हणाली, तुमचा नवरदेव किती देखणा, त्याच्याखाली असलं झगमगीत ठेवलं तर लोकं नवरदेवाला बघतील का खोगिराला? काळजी नेहमी मागणाऱ्याची असायची, स्वतःची कधीच नाही. आणि जाताना त्याच्या हातावर काहीतरी पडायचंच. लिंबाचं लोणचं, नाहीतर मूठभर शेंगा, नाहीतर वाटीभर सार. माणूस रिकामा आलेला असायचा आणि भरल्या हातानं, आत्याचे आभार मानत, खोगीर न घेता परत जायचा.

ह्या सगळ्यात रहिमानचाचा सगळ्यांत चिवट. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ते नळावर बादली लावून हळूच विषय काढायचे. कधी भाच्याची वरात, कधी उरूस, कधी नुसतं, "गुलाबच्या पाठीवर एकदा ठिवून बघावं म्हणतो, वैनी." आत्या दर वेळी नवं कारण काढायची. मला वाटायचं, एवढ्या म्हाताऱ्या माणसाला किती वेळा परत पाठवायचं? आत्याला तसं म्हटलं तर ती म्हणायची, "मलाबी वंगाळ वाटतंय गं. पण गुलाबची पाठ बघ, पार झोळी झालीया. खोगीर मधी अधांतरी ऱ्हाईल आन दोन्ही टोकं टोचतील त्याला."

युवराजचं वेगळं. त्याच्या शेतातून दर दोन-चार दिवसांनी उसाचं वाडं, म्हणजे शेंड्यांचा पाला, भरून ट्रॉली यायची आणि ते हिरवं वाडं तिन्ही घोड्यांना मिळायचं. त्यानं कधी त्याचं बोलून दाखवलं नाही. पण ते सगळ्यांच्या मनात असायचं, आणि आत्याच्या तर फारच. म्हणून युवराजनं खोगिराचा विषय काढला की तिची कारणं सगळ्यांत गोड व्हायची.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आत्याच्या लेकीला, मेढ्याला दिलेली ती, मुलगा झाला. बारशाला आत्या आणि मामा दोघंही निघाले. चिमणीचं खाणंपिणं माझ्यावर, सोबतीला शेजारच्या मावशी. कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात देताना आत्या म्हणाली, "कोण आलं तर काय म्हणायचं?" मी म्हटलं, "न्या की." ती म्हणाली, "हां. आन मग?" मी म्हटलं, "आन मग द्यायचं न्हाई." तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि निर्धास्त एस.टी.त बसली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच युवराज दारात. मी सोप्यात कुळीथ निवडत होते. माझ्या मागं, हाताच्या अंतरावर, लुगड्यातलं खोगीर. बाहेरच्या उन्हातून त्याला ते दिसत नव्हतं, आणि लुगड्याचं त्याला ठाऊकही नव्हतं.

"काकू न्हाईत व्हय? मग तूच दे सुमन. आमच्या दोस्ताचं लगीन हाय कुंडलला. वरात सुलतानावरनं काढायची. खोगीर तेवढं तुमचं पायजे. शब्द देऊन बसलोय गड्याला."

"न्या की," मी म्हटलं. आवाज हुबेहूब आत्यासारखा निघाला, माझं मलाच कौतुक वाटलं. "तुमचंच हाय. पण ते मिरजेला दिलंय, म्हाताऱ्या कारागिराकडं. भरती सरकली हुती. तसंच दिलं आन दोस्त तुमचा वरातीत कलंडला म्हंजे?"

युवराजचा चेहरा खुलला. "आयला, बरं झालं! मी दुपारच्याला मिरजेलाच चाललोय. जाताना उचलतो की त्येच्याकडनं, परस्पर नेतो कुंडलला. तुमचाबी हेलपाटा वाचला." आणि मी तोंड उघडायच्या आत तो शीळ घालत गेलासुद्धा.

आत्यानं मला हा पुढचा भाग शिकवलाच नव्हता. तिची कारणं घरातली असायची, तेल, मांजर, पिलं. मी खोगीर गावाबाहेर पाठवून बसले होते. निवडलेलं कुळीथ मी पुन्हा निवडलं, मग माझ्या वयाला शोभेल असा उपाय सुचला. खोटं बोललोय ना, मग ते दुपारच्या आत खरं करून टाकायचं. खोगीर आपणच मिरजेला न्यायचं, कारागिराला सांगायचं की भरती बघा आणि महिनाभर कुणाच्या हाती देऊ नका. मी त्याला लुगड्यासकट उचललं. ते एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं. कवेत घेऊन, पाय फाकवत कशीबशी रस्त्यापर्यंत आले तर समोर रहिमानचाचा टांगा जोडून उभे.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग लुगड्याकडं पाहिलं. दोन वर्षं ते ज्याच्यासाठी नळावर तिष्ठत होते ते आपल्या पायानं त्यांच्यासमोर आलं होतं. मला वाटलं, आता मागणार. त्यांनी विचारलं, "म्हातारीला कुठं न्यायचं?"

"मिरजेला," मी म्हटलं.

"दवाखान्यात व्हय. बसवा मग. नीट धर पोरी, म्हाताऱ्या माणसाला धक्का बसाया नगं." आणि त्यांनी खाली उतरून, मला हात न लावू देता, खोगीर अलगद मागच्या बैठकीवर ठेवलं आणि लुगड्याचा पदर नीट केला.

गुलाब आपल्या मर्जीनं चालणारा घोडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचा होत्या तेव्हा, त्यांच्या सावलीत आला की त्याची चाल आणखी मंद व्हायची. माझा जीव टांगणीला लागला होता. चाचांना मी सगळं सांगितलं. ते पाठमोरे हसत होते हे त्यांच्या खांद्यांवरनं कळत होतं. शेवटी मी विचारलंच, "चाचा, तुमी एवढ्यांदा मागितलं, आत्यानं एकदाबी दिलं न्हाई. तुमाला राग न्हाई येत?"

"राग?" त्यांनी लगाम सैल सोडला. "आगं, मला काय करायचंय खोगीर? गुलाबच्या पाठीवर त्ये बसतंय तरी का? मी मागतो ते तुज्या आत्याचं ऐकाया. आमची घरवाली गेल्यापास्नं माज्यासंगं एवढं गोड, एवढं येळ काढून कोण बोलतंय? मांजराची पिलं सांगितली तवा तर मी आठ दिस मनात हसत हुतो. दिवसभर स्टँडावर गिऱ्हाईक, ‘न्हाई परवडत’ म्हणून तोंड फिरवून जातंय. तुजी आत्या न्हाई म्हणती त्यात लोणच्याची फोड असती. पर तिला सांगू नगंस हां. तिनं एकदा जाणलं की मग ती मज्जा न्हाई."

मी आत्याला कधीच सांगितलं नाही. आज दोघंही नाहीत, म्हणून लिहितेय.

चाचांचं बोलणं मनात घोळवत मी बसले होते तेवढ्यात मागून फटफटीचा आवाज आला. युवराज दुपारच्या आधीच निघाला होता. टांग्याशेजारी येऊन त्यानं गाडी हळू केली. "काय चाचा, मिरजेला? आन सुमन, तू गं कुठं?"

मी लुगड्याचा पदर आणखी पुढं ओढला. चाचा मागं न बघता म्हणाले, "हिच्या आज्जीला दवाखान्यात घेऊन चाललोय. गावाकडनं आणलीया. बोलाया ईना झालीया."

युवराजनं झट्‌दिशी फटफटी बाजूला लावली. नादी होता, उनाड होता, पण घरचं वळण चांगलं. म्हाताऱ्या माणसाला तसंच ओलांडून जाणं त्याला जमेना. "चाचा, थांबा. पाया पडतो, मग म्होरं जाऊन नंबर लावून ठेवतो दवाखान्यात," म्हणत तो मागच्या बाजूला आला. मी "नको, नको" म्हणेपर्यंत वाकला आणि लुगड्याखाली हात घालून पाय शोधला. हाताला लागली ती लोखंडी रिकीब.

तो तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं रिकीब बाहेर काढून पाहिली. मग लुगडं वर करून पाहिलं. गुलाबनं मान झटकली, घुंगरं वाजली.

"खोगीर दिलं न्हाईस त्याचं काय न्हाई सुमन," तो सावकाश म्हणाला. "पर मला कळू ने म्हणून त्याला लुगडं नेसवून दवाखान्यात न्यायलीस? एवढा वंगाळ माणूस हाय का मी?"

लुगडं आधीपासूनच नेसवलेलं होतं हे सांगून काही उपयोग नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरोखर दुखावल्यासारखं दिसत होतं, आणि आत्याच्या सगळ्या गोड कारणांपैकी एकही मला आठवेना. माझ्या तोंडून सरळ निघालं, "न्हाई देणार. चिमणीच्या पाठीवर माप घेऊन केलंय ते. तुमच्या सुलतानाचा खांदा उंच, त्याला घासून जखम हुईल. आन तुमी आणून दिल्यावर भरती सरकली असली तर चिमणीला हुईल. एकदा झालीया. आन ह्यातलं काय नसतं, तरीबी दिलं नसतं. आमचं एकच हाय."

आत्याच्या घराण्यात कुणी कुणाला तोंडावर एवढं बोललं नसेल. युवराजनं रिकीब हळूच लुगड्याखाली सारली, फटफटीला लाथ मारली आणि मिरजेच्या दिशेनं निघून गेला. चाचांनी गुलाबचं तोंड सांगलीकडं वळवलं. चिंचांच्या सावलीत आल्यावर म्हणाले, "सगळं बराबर बोललीस पोरी. पर ‘न्या की’ म्हणायचं ऱ्हायलं."

त्या दिवसापासून वाड्याची ट्रॉली आली नाही. युवराजही दिसेना. सुलतानाला चारापाणी करायला त्यांचा गडी यायचा, मान खाली घालून काम करायचा आणि जायचा. मधे दोन-तीन दिवस तो सुलतानालाच कुठंतरी घेऊन गेला आणि परत आणून बांधलं. चिमणीपुढं मी नुसता कोरडा कडबा टाकायची. ती एक काडी तोंडात धरून माझ्याकडं बघत राहायची, चावायची नाही. गुलाबला तर दात नव्हते फारसे, त्याला वाड्याशिवाय चावताच यायचं नाही. त्याच्यासाठी मी कडबा बारीक तोडून कुळथाच्या पाण्यात भिजवून द्यायला लागले. माझ्या एका शब्दानं तीन जनावरांच्या तोंडचं हिरवं गेलं, असं मनात घेऊन मी कॉलेजातही नीट बसू शकत नव्हते. आत्या येईल तेव्हा तिला काय तोंड दाखवायचं? ती मला गावाकडं परत पाठवेल आणि वडील म्हणतील, झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं. वय लहान असलं की चिंता लगेच आयुष्याच्या टोकापर्यंत जाऊन पोचते. आता मी कुणाला काही द्यायचं नसलं की त्या टांग्यातली मुलगी डोळ्यांपुढं उभी राहते. माझ्या नातीचं तसं नाही. तिच्याकडं कुणी फोनचा चार्जर मागितला तर ती मान वर न करता "नाही" म्हणते आणि दुसऱ्या क्षणी विसरून जाते. मला तिचा हेवाही वाटतो आणि थोडी काळजीही.

आत्या आणि मामा आले. आत्यानं आधी चिमणीच्या तोंडावरनं हात फिरवला, मग गव्हाणीत बघितलं, मग माझ्याकडं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चाचांचं तेवढं गुपित सोडून. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. युवराज पाया पडायला वाकला इथं आल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. नीट बघितलं तर ती हसत होती, एवढी की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामा तर सोप्यात जाऊन खोगिराशेजारी बसूनच हसले. पण मी शेवटचं माझं बोलणं सांगितलं तशी आत्यानं पदर खाली घेतला.

"तोंडावर न्हाई म्हणालीस?"

"व्हय."

"सरळ?"

"व्हय आत्या."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. म्हणाली, "मला न्हाई जमलं कवा. भ्या वाटतं. आपण बाहेरनं आलेली माणसं, लोकांच्या नळावर पाणी भरणारी. न्हाई म्हणाय पाय रोवल्यालं असाय लागत्यात." मग उठली, बरणीतून लोणचं काढलं, फडक्यात भाकरी बांधली. "चल. कुंडलला जाऊन येऊ. पोरगं दुखावलंय. खोगीर द्यायचं न्हाई, पर समजूत घालाय पायजे."

आम्ही चपला घालतोय तोवर तबेल्यासमोर ट्रॉली येऊन थांबली. वाड्यानं शिगोशीग भरलेली, आणि हिरव्या ढिगावर युवराज. त्याच्या मांडीवर एक कोरं करकरीत खोगीर. तो खाली उतरला आणि आत्याच्या पायाशी येऊन बसला.

"काकू, ट्रॉलीचा धुरा मोडला हुता, म्हणून वाडं आलं न्हाई. आन मी मिरजेत पडून हुतो." त्या दिवशी रागातच तो कारागिराच्या दुकानात गेला होता. म्हाताऱ्याकडं कर्नाटकातल्या कुणासाठी केलेलं एक खोगीर पडून होतं, घेणारा फिरकलाच नव्हता. सुलतानाच्या पाठीचं माप घेऊन त्यानं ते बेतून दिलं. दोस्ताची वरात थाटात झाली. "सुमन बोलली ते लागलं मला. पर खरं हुतं. म्हाताऱ्यानंबी तेच सांगितलं, दुसऱ्याचं खोगीर घोड्याला सोसत न्हाई."

माझ्या छातीवरनं केवढा दगड उतरला ते सांगता येत नाही. आत्यानं त्याच्यापुढं साराची वाटी ठेवली. त्यानं ती प्यायली नाही. इकडंतिकडं बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "पर काकू, आता लय वांदा झालाय. वरातीत सगळ्यांनी बघितलं. तालमीतली पोरं मागत्यात, दोस्ताचा मेव्हणा मागतोय. सरळ न्हाई म्हणाय जीभ रेटत न्हाई. तुमी कसं म्हणता ओ? मला शिकवा की."

"कोण कोण मागतंय?" आत्यानं विचारलं.

युवराजनं सोप्याकडं चोरून बघितलं. "तसं... मामाबी आत्ता येताना कानात म्हणालं. त्येंच्या वळखीतल्या कुणाची वरात हाय, चिमणी मोकळी न्हाई, दुसऱ्या घोडीवर टाकाय पायजे म्हणून."

आत्यानं मान वळवली. मामांना जोराचा ठसका लागला.

"बघ आता," आत्या युवराजला म्हणाली, कारण नळावर बादलीचा आवाज झाला होता आणि रहिमानचाचा घसा खाकरत होते. ती पदर खोचून बाहेर गेली. आम्ही दाराआड उभे राहिलो.

"वैनी," चाचा म्हणाले, "कवा आलासा? नातू बरा हाय न्हवं? मी म्हणत हुतो, येत्या जुम्म्याला भाच्याची वरात हाय. गुलाबच्या पाठीवर चार पावलं खोगीर टाकलं असतं तर..."

"आवं न्या की चाचा! विचारायचं काय त्यात? तुमचंच हाय. मी तर म्हणते आत्ताच न्या." आत्या डोणीच्या कडेला टेकली. "पर एक मनात येतं, सांगू का? गुलाब आता वयस्कर माणूस. एवढी वर्षं टांगा वढला, मान खाली घालून. उद्या त्येच्या पाठीवर मखमल चढली, म्होरं बँड वाजला, बायाबापड्यांनी ववाळलं, की रातभर त्यो राजा. आन दुसऱ्या दिशी तुमी त्येला टांग्याला जुपाय गेलासा, तर बघंल का तुमच्याकडं? म्हणंल, रहिमान, काल मी कोण हुतो आन आज हे काय? मुकं जनावर हाय चाचा, बोलून दाखवणार न्हाई. मनातल्या मनात झुरंल. त्येच्या जिवाला ते लागलं तर मला भाकरी गोड लागंल का? एवढंच आपलं भ्या. न्हाईतर न्या की, कोण न्हाई म्हणतंय?"

चाचा डोळे मिटून ऐकत होते, एखाद्यानं गाणं ऐकावं तसे. "खरं हाय वैनी," डोळे उघडून म्हणाले. "माज्या ध्यानातच आलं न्हाई." आत्यानं कुंडलसाठी बांधलेली लोणच्याची पुडी त्यांच्या हातावर ठेवली. जाताना त्यांनी गुलाबच्या मानेवर थाप मारली आणि दाराआडून मला डोळा घातला.

आत्या आत आली. "कळलं?" तिनं युवराजला विचारलं.

युवराज आ वासून नळाकडं बघत होता. त्यानं गार झालेल्या साराची वाटी एका दमात संपवली आणि आपलं खोगीर बाजूला सारून म्हणाला, "काकू, एवढं मला ह्या जल्मात जमायचं न्हाई. त्यापरास आपलं देऊन टाकल्यालं सोपं."

"मग," मामा सोप्यातून म्हणाले, ठसका कुठल्याकुठं गेला होता, "मी आत्ताच घेऊन जाऊ का?"